फवारा की गोळी?

व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मेंदूतून पुरेसे मिळाले नाही, की मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही. रुग्णाला दिवसाकाठी कित्येक लिटर लघवी होते, तहान रात्रभर झोपू देत नाही. साखरेच्या मधुमेहाशी या विकाराचा संबंध नाही. यावर डेस्मोप्रेसिन हे औषध गुणकारी आहे. नाकातला फवारा लवकर काम करतो. पण सर्दीने नाक चोंदले की औषध नीट शोषले जात नाही. गोळी घ्यायला सोपी. मात्र तिचा एक टक्क्याहूनही कमी अंश रक्तात पोहोचतो. म्हणून फवाऱ्याच्या १० मायक्रोग्रॅमऐवजी गोळी १०० ते २०० मायक्रोग्रॅमची लागते. मात्रा जास्त झाली तर रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात. हा धोका गोळीत तुलनेने कमी दिसतो, त्यामुळे बहुतेकांसाठी गोळीच पहिली निवड असावी. तरीही औषधाचा प्रकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सोडियम तपासूनच बदलावा. उलट्या होत असतील किंवा गिळता येत नसेल, तर फवारा वा इंजेक्शन हाताशी हवे. सरकारी रुग्णालयांनी हे सर्व प्रकार उपलब्ध ठेवावेत आणि दाखल रुग्णाची एकही मात्रा चुकू देऊ नये.