पिशवी काढण्याआधी रक्त तपासलं का?

रायपूरच्या वस्त्यांमध्ये संशोधनासाठी मुलाखती घेताना एक वाक्य वारंवार कानावर येतं, "बच्चादानी निकलवा दी." आपल्या मराठी घरांत "पिशवी काढली" म्हणतात, दाढ काढल्याच्या सुरात. का काढली? अंगावरून फार जायचं. आधी रक्त तपासलं होतं का, यावर बहुतेक जणी गप्प होतात.

२०१२ मध्ये छत्तीसगडमधला गर्भाशय घोटाळा उघड झाला. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ३०,००० रुपये होते. कॅन्सरची भीती घालून काही खासगी दवाखान्यांनी पिशव्या काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी छत्तीसगड, बिहार आणि राजस्थानबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अशा बहुतेक बाया दलित, आदिवासी, ओबीसी आहेत, असं त्यात म्हटलं होतं. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. बीडमध्येही २०१९ च्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की दंड, मग पाळीच नको, हा हिशेब त्यांच्यावर कोणी लादला ते सांगायला नको.

पाळी सात-आठ दिवसांपुढे लांबणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, रात्री उठून कपडा बदलावा लागणं, मोठ्या गाठी पडणं, हे "बायकांचं असतंच" यात मोडत नाही. मूळ कधीकधी पिशवीत नसतंच. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र पिशवीचं अस्तर वाढवत राहतं. मग पाळी उशिरा येते आणि थांबता थांबत नाही. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत, चाळिशीच्या आसपास आणि पीसीओएसमध्ये हे घडतं. थायरॉईड मंदावला तरी घडतं. सोबत थकवा, वाढतं वजन, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ असेल तर संशय पक्का धरावा. आपल्याकडे थकव्याला कामाचा शीण म्हणतात, नि कामही खरोखर तेवढं असतं, म्हणून तो निसटतो.

टीएसएच म्हणजे साधी रक्ततपासणी. सोबत हिमोग्लोबिन, गर्भ नाही ना याची चाचणी, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी. थायरॉईड निघाला तर रोजची गोळी. इतर हार्मोनच्या बिघाडावरही गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीही आहे. फायब्रॉइड, रक्त न गोठण्याचा आजार किंवा कॉपर-टी हीही कारणं असू शकतात. पंचेचाळिशीनंतर असं जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासणं टाळू नये, आणि पाळी कायमची गेल्यावर थेंबभर गेलं तरी डॉक्टर गाठावा. काही जणींना ऑपरेशन खरंच लागतं.

घरातले पहिले पदवीधर आपण, त्यामुळे आईची, मावशीची फाइल आपल्याच हातात येते. ती उघडून पाहा. त्यात टीएसएचचा कागद नसेल आणि ऑपरेशनची तारीख असेल, तर आधी मेकाहारात, म्हणजे आंबेडकर रुग्णालयात, किंवा एम्समध्ये दुसरं मत घ्या. चक्कर येत असेल, तासाला पॅड भिजत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या.