आधी जमिनीवरची शिस्त

विमान अपघात म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आकाशातून कोसळणारे विमान उभे राहते. परंतु नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात आकाशात घडलाच नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे दाट धुक्यात एक जम्बो विमान उड्डाणासाठी धावत सुटले आणि त्याच धावपट्टीवरून सरकणाऱ्या दुसऱ्या जम्बो विमानावर आदळले. ५८३ माणसे प्राणांस मुकली. आपल्या मुंबई विमानतळावरही १६ डिसेंबर २०१५ रोजी प्रस्थानाच्या तयारीत असलेल्या विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एक तंत्रज्ञ मरण पावला. विमानाची चाके जमिनीला टेकलेली असतात तेव्हा धोका संपलेला असतो, हा समज किती भ्रामक आहे हे यावरून कळावे.

हे आज सांगण्याचे कारण असे की, मोठी विमाने जेथे उतरू शकत नाहीत तेथे एकाच इंजिनाची लहान टर्बोप्रॉप विमाने नेण्याचा विचार आपल्या देशात आता रुजला आहे. अंदमानात २०११ साली पाण्यावर उतरणारे असे विमान फिरले, तर २०२२ साली सुरतेहून गुजरातच्या लहान गावांकडे अशीच नऊ आसनी विमाने उडू लागली. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासाठीही अशा सेवांची भाषा अधूनमधून ऐकू येते. आम्ही या कल्पनेचे स्वागतच करतो. आजारी माणसाला तातडीने शहरात पोचविणारे विमान ही चैन नव्हे. मात्र उद्घाटनाची फीत कापण्याआधी जमिनीवरची व्यवस्था पाहिली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

या वर्गातील सर्वपरिचित विमान म्हणजे सेस्ना कॅरॅव्हॅन. १९८२ साली प्रथम उडालेले हे विमान आखूड आणि कच्च्या धावपट्टीवरही उतरते. ते दणकट आहे, पण जमिनीवर त्याची निगा काटेकोरपणेच राखावी लागते. इंजिन सुरू करतानाच पहिली परीक्षा होते. बॅटरी अशक्त असेल तर आतील चक्र पुरेशा वेगाने फिरत नाही, हवा कमी पडते, आणि अशा स्थितीत इंधन सोडले तर उष्णता भडकून क्षणार्धात इंजिनाची पाती निकामी होतात. सुरू होताना १०९० अंश सेल्सियस तापमान या इंजिनाला चालते, पण ते फक्त दोन सेकंद. म्हणून वैमानिकाचे डोळे तेव्हा तापमापकावरच असतात. बाहेर कोण कोठे उभा आहे, हे दुसऱ्या कोणी तरी पाहणे भाग आहे.

सामान चढविताना मागे फार भार पडला तर नाक वर उचलले जाऊन शेपूट जमिनीवर आपटते. त्यासाठी शेपटीखाली टेकू लावावा लागतो, आणि निघण्यापूर्वी तो आठवणीने काढावाही लागतो. या इंजिनाचा पंखा आतील मुख्य चक्राशी थेट जोडलेला नसल्यामुळे उभ्या विमानाचा पंखा वाऱ्याने आपोआप फिरू लागतो. त्या वेळी तेलाचा पंप मात्र बंद असतो आणि भाग कोरडे घासतात, म्हणून पंखा पट्ट्याने बांधून ठेवावा लागतो. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा तर या यंत्राची हाडवैरीण. इंजिनाच्या आत साचणारे मीठ स्वच्छ पाण्याने वारंवार धुऊन काढले नाही, तर गंज आपले काम निमूटपणे करीत राहतो. पावसाळ्यात इंधनात पाणी उतरले आहे काय, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचा नमुना काढून पाहावे लागते.

यंत्राच्या हानीची भरपाई पैशाने होते, माणसाच्या जिवाची होत नाही. मोठ्या विमानतळावर प्रवासी आणि यंत्र यांच्यामध्ये भिंती, पूल, बसगाड्या आणि पहारेकरी असतात. लहान धावपट्टीवर प्रवासी पायी चालत विमानापाशी जातो. प्रवाशांचे दार मागे आहे हे खरे. पण पोटाखालच्या पेटीत सामान भरणारा हमाल, छायाचित्रासाठी पुढे सरसावणारा उत्साही तरुण आणि आईचा हात सोडून धावणारे मूल ही सारी नाकावरच्या पंख्याच्या आवाक्यात येतात. फिरणारा पंखा तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ज्या आमच्या भागात फेरीबोटीची फळी धक्क्याला टेकण्याआधीच उड्या पडतात, तेथे विमानापाशी लोक आपोआप शिस्तीने वागतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

यावर एक व्यावहारिक आक्षेप येईल. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याचे प्रत्येक आवर्तन त्याच्या आयुष्यातून वजा होते, वेळही जातो, म्हणून थोड्या थांब्यात इंजिन चालूच ठेवावे, असा मोह चालकांना होतो. हिशेब म्हणून तो खोटा नाही. परंतु ज्या सेवांची तूट सरकारी तिजोरीतून भरून दिली जाते, तेथे हा हिशेब एकट्या चालकाचा राहत नाही. जनतेचा पैसा घेणाऱ्याने जनतेच्या जिवाची अट स्वीकारलीच पाहिजे.

ती अट करारात स्पष्ट शब्दांत लिहावी. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय एकही प्रवासी चढू वा उतरू नये. प्रवाशांची वाट रंगवून आखलेली असावी आणि ती शेपटीच्या बाजूने जावी. हमालांना मराठीत वा कोंकणीत, प्रत्यक्ष विमानापाशी उभे करून शिक्षण द्यावे. आणि प्रत्येक धावपट्टीवर असा एक जबाबदार माणूस असावा, की ज्याने हात वर करताच वैमानिकानेही थांबावे, मग विमानात मंत्री बसलेले असोत की आमच्यासारखे पत्रकार. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाच्या कागदपत्रांबरोबर ही व्यवस्थाही समक्ष येऊन तपासावी.

या मागण्यांना फार खर्च येत नाही. रंगाचा एक डबा, लाकडाचा टेकू, पाण्याची टाकी आणि प्रामाणिक पगारावर नेमलेली चार माणसे, एवढ्यावर बरेच निभते. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी घाटात वाचून आपण पिढ्यान्पिढ्या प्रवास केला. अपघात झाल्यावर चौकशी समिती नेमणे म्हणजे वरातीमागून घोडे. तीच पाटी आता नव्या धावपट्ट्यांच्या दारावर लावावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस पहिल्या उड्डाणापूर्वीच तेथे नेमावा.