ऋण काढून सण

नाताळ हा आता केवळ ख्रिस्ती कुटुंबांचा सण राहिलेला नाही, हे विधान गोव्यात राहणाऱ्या वाचकांना तरी नवे वाटणार नाही. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळून गेला, तुळशीचे लग्न लागले, की बाजारपेठांतून कागदी नक्षत्रे लोंबू लागतात आणि त्यांतले एखादे आमच्या डिचोली तालुक्यातील हिंदू घराच्या सोप्यावरही जाऊन बसते. यात वावगे काही नाही. शेजाऱ्याचा सण तो आपलाही, ही या भूमीची जुनी रीत आहे. नाताळात शेजारघरून झाकलेले ताट यायचे. त्यात दोदोल, नेवऱ्या, कुलकुल आणि शेजारीणबाईंचा हात चांगला असेल तर बेबिंकचा एखादा तुकडा. पोर्तुगीज 'कॉन्सोआदा' या शब्दावरून त्या ताटाला 'कुसवाद' म्हणत. ते ताट रिकामे परत करायचे नाही, एवढा एकच नियम होता. दिवाळीचे फोव आणि चवथीच्या नेवऱ्या देऊन आपण त्याची परतफेड करीत असू, आणि या देवघेवीपायी कोणी कर्जबाजारी झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्या ताटात मुलांसाठी वेगळे असे काही नसे. आमच्या वाड्यावरील ख्रिस्ती मुलांना नाताळला नवे कपडे मिळत, आम्हांला ते चवथीला मिळत. कपडे एक माप मोठे शिवायचे, म्हणजे दोन वर्षे पुरतात, या बाबतीत दोन्ही धर्मांच्या आयांचे पूर्ण एकमत होते.

मुलांना महागड्या वस्तू दिल्या नाहीत तर नाताळ साजराच झाला नाही, ही समजूत ख्रिस्ती धर्मातून आलेली नाही. ती दुकानातून आली. इंग्लंड-अमेरिकेतही ती एकोणिसाव्या शतकात, कारखानदारी आणि मोठी दुकाने यांच्याबरोबर वाढली. त्याच शतकातील चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे पुस्तक १८४३ च्या १९ डिसेंबरला प्रसिद्ध झाले. (योगायोग असा की, पुढे १९६१ साली हीच तारीख आपला मुक्तिदिन ठरली.) त्यातील बॉब क्रॅचिट हा आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणारा कारकून. पदरी सहा मुले, त्यांतला एक पांगळा. त्याच्या घरचा नाताळ डिकन्सने मोठ्या प्रेमाने रंगवला आहे. भाजलेले हंस पक्ष्याचे मांस आहे, बटाटे आहेत, पुडिंग आहे, शेगडीभोवती बसलेली सगळी माणसे आहेत; पण आईबापांनी मुलांना दिलेली एकही भेटवस्तू त्या घरात नाही. ज्या पुस्तकाने नाताळाचे आजचे रूप घडवले असे मानतात, त्यातील गरिबाच्या घरी खेळणे नाही, ही गोष्ट खेळणी विकणाऱ्यांनी अर्थातच कोणाला सांगितलेली नाही.

इंग्लंडातील अलीकडची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे 'फेअरपॅक' नावाची एक कंपनी होती. कामकरी कुटुंबे वर्षभर तिच्याकडे थोडे थोडे पैसे भरीत आणि नाताळच्या सुमारास त्यांना खाद्यपदार्थांच्या टोपल्या किंवा खरेदीची कुपने मिळत. २००६ च्या ऑक्टोबरात ती बुडाली. लाखाहून अधिक कुटुंबांचा नाताळ ऐन तोंडावर असताना गेला. ही माणसे उधळी नव्हती. ऋण काढायचे नाही म्हणूनच ती आधी पैसे साठवत होती. सणाच्या भीतीने, होय, भीतीनेच, जानेवारीपासून पैसे बाजूला टाकणाऱ्या त्या आयांचा विचार मनात आला की मला आपल्याकडील चवथीची भिशी आठवते.

आता आपल्या घरी येऊ. आमचा तालुका खाणींचा. चीनला माल जात होता त्या वर्षांत इथे हाती पैसा खेळत असे. ज्याच्या घरी एक ट्रक होता त्याने दुसरा घेतला, तोही बँकेच्या कर्जावर. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. मध्यंतरी त्या काही काळ चालल्या आणि २०१८ च्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही खाणी परत सुरू झाल्या, पण मधल्या काळात अंगणात उभे असलेले ट्रक गंजले. मिळकत एका दिवसात थांबते. मुलांना लागलेली सवय तशी थांबत नाही.

२०१८ च्याच डिसेंबरात एक ट्रकमालक पालक माझ्याकडे आले. पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन राहावे अशी त्यांची विनंती होती. मुलाला गिअरची सायकल आणि मोबाइल हवा होता. त्याच्या मित्राला नाताळात दोन्ही मिळणार होते. पत्नीच्या बांगड्या आधीच गहाण पडलेल्या. मी नकार दिला तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलो नाही. "सर, हा पाच वर्षांचा होता तेव्हा तोंडातून शब्द निघायच्या आत मी वस्तू आणून द्यायचो. आज नाही म्हटले तर त्याच्या नजरेत मी लहान होईन." या वाक्यात उधळेपणा कुठे आहे? बापाची लाज आहे. ऐपतीबाहेरच्या खर्चाला आपण सरसकट 'चैन' म्हणून हिणवतो, पण पुष्कळदा तो या लाजेपोटी होतो. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या बापांच्या बाबतीत तिला आणखी एक पदर असतो. दहा महिने घरात नसण्याची भरपाई ते पेटी उघडून करू पाहतात, आणि पेटी जड नसेल तर आपण अपराधी आहोत असे त्यांना वाटते.

जामीन राहिलो नाही, पण वर्गात एक उदाहरण मात्र घातले. सातवीला सरळव्याज चालूच होते. मोबाइलची किंमत १५,००० रुपये. रोख ३,०००, उरलेल्या १२,००० साठी दरमहा १,२५० चे बारा हप्ते आणि कागदपत्रांचे ५०० रुपये. मुलांनी बेरीज केली, १८,५००. म्हणजे १२,००० च्या कर्जावर ३,५०० जादा, शेकडा २९ हून थोडे अधिक, असे सांगून ती मोकळी झाली. मग मी विचारले, बारा हजार वर्षभर तुमच्याकडे असतात का? दरमहा हजार रुपये मुद्दल फिटत जाते असे धरले तर वर्षातील सरासरी देणे साडेसहा हजारच निघते. त्यावर साडेतीन हजार म्हणजे दर शेकडा पन्नासाच्या वर गेला. वर्ग काही क्षण गप्प झाला. जुन्या सावकाराला आपण नावे ठेवतो!

'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली तर गोष्ट निराळी असेल, असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते कुठल्या तरी दुसऱ्या नावाने वसूल केले जाते. पाटीवरचे शब्द त्यानंतर बदलले, एवढेच. जाहिरातींबाबत केंद्र शासनाने २०२२ च्या जूनमध्ये नियम केले. अमुक वस्तू घेऊन द्या असा आईबापांकडे हट्ट धरायला मुलांना थेट चिथावणे त्यांनुसार वर्ज्य आहे. नियम चांगला आहे. पण वर्गातल्या मित्राच्या दप्तरातून डोकावणाऱ्या जाहिरातीला तो लागू होत नाही.

मग मुलाला 'नाही' म्हणायचे कसे? मला वाटते, आकडे सांगून. आपण त्यांना 'श्यामची आई' वाचून दाखवतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मातृप्रेमाचे म्हणून आपण डोळ्यांत पाणी आणून वाचतो, परंतु ते कर्जात बुडालेल्या एका घराचेही पुस्तक आहे, आणि त्या घरातील मुलाला घरची परिस्थिती पुरेपूर माहीत आहे. ते वाचून आमची मुले रडतात. आणि त्याच मुलांपासून आपण घरचा हप्ता लपवतो, दार लोटून हलक्या आवाजात बोलतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते. महिन्याची मिळकत एवढी, किराणा एवढा, ट्रकचा हप्ता एवढा, आजीचे औषध एवढे, उरले इतके. यात सायकल कुठे बसते ते तूच सांग, असे म्हणून कागद त्याच्या पुढ्यात ठेवण्यात कमीपणा कसला?

त्या पालकांच्या पत्नीने तेच केले. मुलगा आठ दिवस रुसला, हे सांगितलेच पाहिजे. तो लगेच समजूतदार झाला असे लिहिणे खोटेपणाचे होईल. नवव्या दिवशी त्याने बापाला विचारले, "ट्रक विकला तर किती येतील?" पुढे त्यांनी खरोखरच एक ट्रक विकला. सायकल दीड वर्षाने आली, जुनी, म्हापशाहून.

आमच्या शाळेत नाताळच्या सुट्टीपूर्वी मुले चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेट देतात. हा खेळ शहरातील शाळांकडून आला आणि दोन वर्षांत भेटीची किंमत तीनशेवर गेली. शिक्षकांनी बैठक घेऊन वीस रुपयांची मर्यादा घातली. स्वतः बनवलेली किंवा परसातली वस्तू चालेल असेही ठरवले. दोन पालकांनी तक्रार केली की यामुळे मुलांचा हिरमोड होतो. गेल्या वर्षी एका मुलीने पिशवीभर भाजलेल्या फणसाच्या बिया आणल्या होत्या. ज्याला मिळाल्या त्याच्या वाट्याला, सगळ्या वर्गाने हात घातल्यावर, चारच उरल्या.

मुलांच्या भेटींचे हे झाले. मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला सासरी पाठवायचे जे फळफळावळ आणि गोडधोड, त्याला आपल्याकडे 'ओझे'च म्हणतात. ते कोणाच्या डोक्यावर चढते आणि उतरायला किती वर्षे लागतात, हा विषय मोठा आहे. त्याविषयी चवथीच्या अंकात.