रुळालगत बिबट्या मेलेला सापडला, तर तो रेल्वेनेच मेला का?

शहापूर तालुक्यातल्या खर्डीतून मध्य रेल्वे जाते, जवळूनच मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि शेजारी तानसा अभयारण्याचं जंगल आहे. अशा ठिकाणी रुळालगत बिबट्या मेलेला सापडला, तर सगळ्यांचा पहिला अंदाज रेल्वेच्या धडकेचाच असतो. पण कुंपणात सोडलेल्या विजेने मेलेलं जनावर कुणी रुळावर आणून टाकलं असेल, तर? मग शिकारीचा गुन्हा अपघात म्हणून खपून जाऊ शकतो.

फरक कसा ओळखतात?

धडक बसली तेव्हा जनावर जिवंत असेल, तर जखमेभोवतीच्या मांसात रक्त साकळतं. मेल्यानंतर मार लागला असेल, तर सहसा तसं दिसत नाही. विजेची तार जिथे लागते, तिथे केस आणि कातडी भाजलेली असू शकते. फासाचा वळ गळ्याभोवती किंवा कमरेला सापडतो.

विषबाधेची खूण मात्र बाहेरून दिसेलच असं नाही. त्यासाठी पोटातलं अन्न, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे रासायनिक तपासणीला पाठवतात. हे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवत नाहीत, कारण त्यामुळे विष शोधणं अवघड होतं. आजाराच्या तपासणीसाठीचे तुकडे वेगळ्या बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात.

अहवालाने काय बदलतं?

2 नोव्हेंबर 2018 ला यवतमाळ जिल्ह्यात टी-1 म्हणजेच 'अवनी' वाघिणीला गोळी घालण्यात आली. ती अंगावर धावून आल्यामुळे स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असा दावा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मात्र गोळी लागली तेव्हा वाघिणीचं तोंड शूटरकडे नव्हतं, असा निष्कर्ष काढला.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. त्यांना बर्ड फ्लू झाल्याचं भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीतून कळलं. कारण कळलं, म्हणून बाकीच्या प्राण्यांसाठी काय खबरदारी घ्यायची हेही ठरवता आलं.

गावकऱ्यांनी काय करावं?

उन्हात मृतदेह लवकर कुजतो आणि पुरावेही नष्ट होतात. म्हणून मृतदेहाला हात लावू नये, फोटोसाठी गर्दी करू नये आणि लगेच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. आजूबाजूचे ठसे, तार किंवा अर्धवट खाल्लेली शिकार हेही तपासात तितकंच महत्त्वाचं असतं.