विदूषकाचे चित्र आणि आमची सोवळी नजर

चित्रकाराने देवादिकांची, थोर पुरुषांची, निदान रम्य निसर्गाची चित्रे काढावीत. सर्कशीतले विदूषक आणि कसरतपटू रंगवणे म्हणजे कलेला उकिरड्यावर नेणे होय, असा आक्षेप आमच्या देवळांच्या सभामंडपांत बसणाऱ्या सुशिक्षितांकडूनही वारंवार ऐकू येतो. हा आक्षेप धर्माच्या नावाने केला जातो, म्हणून त्याला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम चित्रांकडेच पाहू. १८७९ मध्ये देगा या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या फेर्नांदो सर्कशीतली एक कसरतपटू रंगवली. दातांत दोर धरून ती छताशी लोंबकळते आहे. सरा याने त्याच सर्कशीचे रिंगण रंगवावयास घेतले आणि १८९१ मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी, ते चित्र अपुरे टाकून, तो वारला. या दोघांना मोह पडला तो खेळाच्या झगमगाटाचा. १९०५ साली तरुण पिकासोने मात्र तो झगमगाटच काढून टाकला. त्याच्या त्या वर्षीच्या मोठ्या चित्रात खेळ करणाऱ्यांचे एक कुटुंब उजाड माळावर उभे आहे. तंबू नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. सहा माणसे आहेत, पण कोणाची नजर कोणाच्या नजरेला भिडत नाही. जगाला हसविणाऱ्यांचे घर कोठे आहे, हा प्रश्न त्या माळाने विचारला आहे. यात हीन ते काय?

पण आमच्या आक्षेपकांना खरे उत्तर दिले ते ऱ्वो याने. हा १८७१ साली जन्मलेला चित्रकार निष्ठावंत कॅथलिक होता. लहानपणी त्याने चर्चच्या रंगीत काचा दुरुस्त करण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीसारखी जाड काळी रेघ त्याच्या चित्रांत जन्मभर राहिली. एकदा रस्त्याकडेला, फिरत्या खेळवाल्यांच्या गाडीजवळ, एक म्हातारा विदूषक आपला चमचमता पोशाख शिवत बसलेला त्याला दिसला. हा विदूषक म्हणजे आपणच, किंबहुना आपण सगळेच, असे त्याला वाटले. पुढे त्याने विदूषक रंगवले आणि ख्रिस्ताचे मुखही रंगवले. दोन्हींत वेदना एकच आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ५८ मुद्राचित्रांच्या मालेत ख्रिस्ताच्या यातनांबरोबर एक विदूषकही येतो, आणि त्या चित्राचे नावच असे की, तोंडाला रंग फासत नाही असा कोण आहे? ज्याची श्रद्धा पक्की होती, त्याला विदूषकाचा विटाळ झाला नाही!

विदूषकाचा रडवा चेहरा काढला की गहन अर्थ आपोआप येतो, असे समजणाऱ्या नकलाकारांचे पीक पुढे उदंड आले, हे आम्ही नाकारीत नाही. पण देवांचीही भिकार चित्रे भिंतोभिंती टांगलेली असतात. त्यावरून देव हा विषय कोणी टाकाऊ ठरवीत नाही.

आणि सोवळेपणाचा आधार आमच्या परंपरेत तरी कोठे आहे? मृच्छकटिकात चारुदत्त दरिद्री झाल्यावरही त्याला न सोडणारा मैत्रेय विदूषकच आहे. नाथमहाराजांनी भारुडांत वासुदेवाचे, गोंधळ्याचे सोंग घेतले आणि दारोदार फिरणाऱ्यांच्या तोंडी परमार्थ घातला. १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभारणारे विष्णुपंत छत्रे स्वतः गाणारे होते. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांना आश्रय मिळाला तो या सर्कसवाल्याकडेच. ख्याल ऐकताना माना डोलावणाऱ्यांनी त्या तंबूचे ऋण विसरू नये.

खरी गोष्ट अशी की, आमचा आक्षेप चित्रावर नाही. चित्रातल्या माणसावर आहे. जत्रेच्या रात्री दशावतारी खेळात विष्णूचे सोंग आले की आम्ही हात जोडतो, संकासुराच्या बोलण्याला पोट धरून हसतो. उजाडल्यावर तोच नट रंग पुसून देवळाच्या पायरीवर बसलेला असतो. तो जेवला की नाही, त्याचे म्हातारपण कोण पाहणार, हे विचारण्याची आम्हांला गरज वाटत नाही. पिकासोने रंगवलेला उजाड माळ पॅरिसलाच असतो असे नाही. तो आमच्या देवळाच्या आवारातही असतो, आणि तो आम्हीच केलेला असतो.

म्हणून विदूषकाच्या चित्राने ज्यांचे मन विटते, त्यांनी येत्या जत्रेत खेळ संपल्यावर घाईने घरी न जाता थोडे थांबावे. रंग पुसणाऱ्या त्या माणसाला पंक्तीत पान मांडावे आणि त्याच्या शेजारी बसून जेवावे. त्यानंतरही ते चित्र त्यांना हीन वाटले, तर आम्ही आमचे शब्द मागे घेऊ.