चुकीच्या खिडकीवरची रांग

सरकारी कचेरीत कधी चुकीच्या खिडकीसमोर रांग लावलीये? तासभर उभं राहायचं, आणि नंबर आला की आतला माणूस मान वर न करता म्हणतो, "हे इथे नाही, पलीकडे." डोकं फिरतं, पण निदान तो सांगतो तरी! मी सात वर्षं एका चुकीच्या खिडकीसमोर उभा होतो. तिथे "पलीकडे जा" असं कुणीच म्हटलं नाही. उलट दर वेळी पावती फाडली.

झालं असं, की २०१३ साली इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या डोक्यात बसलं की आपलं नाक वाकडं आहे. "थोडंसं वाकडं वाटतं, असो" इतकं सौम्य नव्हे. सकाळी आरशासमोर चाळीस मिनिटं. मग बाइकचा आरसा, लिफ्टचा स्टीलचा दरवाजा, मोबाइलचा फ्रंट कॅमेरा, बंद लॅपटॉपचा काळा स्क्रीन. मीटिंगला सगळ्यांच्या आधी पोचायचो. लोकांना वाटायचं काय सिन्सियर मुलगा आहे! खरं कारण एवढंच, की टेबलाच्या उजव्या टोकाची खुर्ची हवी असायची, म्हणजे लोकांना फक्त डावी बाजू दिसेल.

मग डॉक्टर सुरू झाले. आधी कान-नाक-घशाचे, मग त्वचेचे, शेवटी २०१७ साली कॉस्मेटिक सर्जन. ऑपरेशन झालं, दीड लाख गेले. महिनाभर बरं वाटलं. मग नाकाचा शेंडा खटकायला लागला, मग नाकपुड्या. दुसऱ्या ऑपरेशनचं कोटेशनसुद्धा घेऊन ठेवलं होतं मी.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिवसभर व्हिडिओ कॉल, म्हणजे दिवसभर स्वतःचा चेहरा समोर. झोप उडाली. झोपेची गोळी मागायला फॅमिली डॉक्टरांना फोन केला आणि बोलता बोलता नाकाचं निघालं. त्यांनी नाक कसं आहे हे विचारलंच नाही. विचारलं, "दिवसातले किती तास हा विचार असतो?" मी मनात बेरीज केली. पाच तास. तेच म्हणाले, "मग हे नाकाचं दुखणं नाही रे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा."

दुखण्याचं नाव बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी. हे इन्स्टाग्रामने जन्माला घातलेलं फॅड नाही. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात ते ओसीडीच्या कुटुंबात आहे. प्रौढांमध्ये प्रमाण शंभरात साधारण दोन, आणि पुरुष-स्त्रिया जवळपास सारख्याच. सुरुवात बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात. म्हणजे दोन-तीनशे लोकांच्या कुठल्याही ऑफिसात आमच्यासारखे चार-पाच जण निघायला हरकत नाही.

लॉस अँजेलिसमध्ये जेमी फ्यूजनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले. चेहरा बघताना त्यांचा मेंदू अख्ख्या चेहऱ्यापेक्षा बारीक तपशिलांवर जास्त काम करताना आढळला. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये गडबड आहे आणि आम्ही मॉनिटर बदलत बसलोय. म्हणूनच बीडीडी असलेल्या बहुतेकांना कॉस्मेटिक सर्जरीने आराम पडत नाही. एक तर काळजी तशीच राहते, नाहीतर दुसऱ्या अवयवावर जाऊन बसते.

आता मुद्द्याचं. या दुखण्यावर चांगले उपचार आहेत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या: एक्स्पोजरसह सीबीटी आणि गरज पडली तर एसएसआरआय गटातली औषधं. अडचण उपचारांची नाही, तिथपर्यंत पोचण्याची आहे. माझं मत विचाराल तर ही रांग लांबवायला तीन मंडळी हातभार लावतात, आणि त्यातले दोघे चांगल्या मनाचे असतात.

पहिले म्हणजे घरचे. "अरे, छान आहे नाक, काहीतरीच काय!" हे वाक्य माझ्या बायकोने हजारदा म्हटलं असेल. तिचं प्रेम खरंच होतं. पण प्रत्येक उत्तराने दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग पुन्हा विचारावंसं वाटायचं. उपचारात तिलाही सामील करून घेतलं तेव्हा ती फक्त इतकंच म्हणायला शिकली: "तुला त्रास होतोय हे दिसतंय मला, पण नाकाबद्दल मी बोलणार नाही." पहिले पंधरा दिवस मला ती कमालीची दुष्ट वाटली :-) आज वाटतं, तिने माझ्यासाठी केलेल्या गोष्टींत ही सगळ्यात अवघड असणार.

दुसरे, अर्धवट मदत करणारे. मी आधी एका समुपदेशकांकडे गेलो होतो. बालपण, आत्मविश्वास, सकारात्मक विचार, सगळं झालं. माणूस भला होता, पण बीडीडीला गप्पा पुरत नाहीत. सीबीटीमध्ये मला गृहपाठ होता. बाहेर पडायच्या आधी लिहायचं: 'लोक नाकाकडे बघतील, खात्री ९० टक्के.' मग मास्क आणि टोपीशिवाय भर संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरून चालायचं आणि परत येऊन खरोखर काय झालं ते लिहायचं. (काही झालं नाही. लोक मोबाइलमध्ये होते.) आरशासमोर हातभर लांब उभं राहायचं, डोक्यापासून पायापर्यंत साध्या शब्दांत स्वतःचं वर्णन करायचं आणि बाजूला व्हायचं. मोबाइलवरची तपासणी बंद. हे सगळं ऐकायला फालतू वाटतं, करताना घाम फुटतो.

औषधाचंही तसंच. डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो, परिणाम दिसायला बारा आठवडेही लागू शकतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवायला सांगतात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणत मी गोळ्या सोडणारच होतो. डोस कमी-जास्त करणं किंवा थांबवणं, हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. म्हणून पहिल्याच भेटीत थेट विचारा: बीडीडीचे किंवा ओसीडीचे पेशंट तुम्ही बघता का? एक्स्पोजर करून घेता का? आपण फ्रिज घेताना दहा प्रश्न विचारतो, मग इथेच संकोच कशाला?

तिसरी मंडळी म्हणजे सौंदर्याची दुकानं. यांच्यावर मात्र माझा राग आहे. ऑपरेशनपूर्वी माझी शुगर तपासली, रक्त तपासलं, ईसीजी काढला. पण "दिवसातले किती तास?" हा फुकटातला प्रश्न कुणी विचारला नाही. नाक, त्वचा किंवा केसांवर काही करण्याआधी तो विचारणं सक्तीचं असावं असं माझं ठाम मत आहे. तासाभरापेक्षा जास्त आणि कामावर, नात्यांवर परिणाम, असं उत्तर आलं तर सुरी खाली ठेवून "पलीकडे जा" म्हणावं. काही सर्जन तसं करतातही. मला मात्र तो भेटला नाही.

खर्चाचं म्हणाल, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायचं आहे. पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडी धरत नाहीत, तेव्हा बारीक अक्षरं वाचा. जवळ जाणकार थेरपिस्ट नसेल तर ऑनलाइनला नाक मुरडू नका (हो, मुद्दाम!). स्वीडनमध्ये ९४ जणांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये 'बीएमजे'त छापून आलेल्या चाचणीत, इंटरनेटवरून बारा आठवडे सीबीटी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना चांगला गुण आला. आणि या आजारात जीव नकोसा होणं दुर्मिळ नाही. तसं वाटत असेल तर आजच १४४१६ ला फोन करा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

माझं नाक आजही जसंच्या तसं आहे. विचार अजून येतो, दिवसातून पाचेक मिनिटं, ताण असला तर पंधरा. परवा मीटिंगला उशिरा पोचलो आणि टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची मिळाली. तासाभराने बाहेर पडताना लक्षात आलं, की आपण कुठे बसलो होतो याचा विचारच केला नव्हता.