जुनी स्नोमोबाइल घेताय? आधी कर्ज बघा

इथं ऑन्टारिओत पहिली स्नोमोबाइल घ्यायची म्हणून जुन्या गाड्या बघतोय, थेट मालकांकडं. एक गोष्ट खटकली. जुनी कार खाजगीत विकताना विकणाऱ्याला सरकारी माहितीसंच द्यावाच लागतो. गाडीवर कर्ज असेल तर त्यात कळतं. स्नोमोबाइलला ही सक्ती नाही. का बरं? आधीच्या मालकाचं कर्ज थकलं असेल, तर तुम्ही रोख मोजलेली गाडी कर्ज देणारी कंपनी उचलून नेऊ शकते!

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघ, पट्टा तपास, हे जो तो सांगतो. फी भरून व्हीआयएन नंबरवरून सरकारी नोंदणीत कर्ज शोधता येतं, हे कुणीच सांगत नाही. नवख्यानं ते स्वतः शोधायचं? कारचा नियम बर्फावरच्या गाडीलाही लावा, असं मी आमच्या भागातल्या आमदारांना लिहिलंय. तुम्हीही लिहा.